अ‍ॅप्रेंटिसला डबल पाळी?

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर, चाकणच्या एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस आहे. वरचेवर डबल पाळी करायला लावतात. ‘नाही म्हणालास तर पर्मनंटचं विसर,’ असं सुपरवायझर म्हणतो.
– एक आई, राजगुरुनगर

उत्तर : ताई, आधी करारपत्र बाहेर काढा. मुलाने सही करून ते कपाटात टाकलं असेल; सगळी पोरं तेच करतात. शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 नुसार अ‍ॅप्रेंटिस कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं असेल तरच मिळते. माल वेळेत पाठवायचाय, हे प्रशिक्षण नव्हे! मी स्वतः कारखान्यात ट्रेनिंग सांभाळलंय. महिनाअखेरीला स्टोअरपासून पॅकिंगपर्यंत सगळ्यांना अ‍ॅप्रेंटिसच आठवतात.

पर्मनंटचं म्हणाल, तर करारात नोकरीची अट असेल तरच कंपनी बांधील. नसेल तर 2014 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक मालकाने भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. ते एचआरकडे मागा. सुपरवायझरच्या तोंडी आश्वासनाला माझ्या लेखी शून्य किंमत.

जादा थांबलेल्या तारखा आणि वेळा मुलाने वहीत लिहाव्यात. मग एचआरला साधा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. फरक पडला नाही तर सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जा. पत्ता मुलाच्या आयटीआयत मिळेल. आणि दमलेल्या पोराला प्रेस मशीनवर उभं करत असतील, तर अर्जाचं पहिलं वाक्य तेच असू द्या. कारखान्यातल्या कामगारांसाठीच्या सुरक्षेच्या तरतुदी अ‍ॅप्रेंटिसलाही लागू आहेत.