शार्क पोहायचा थांबला तर मरतो का?

सर्वच शार्कच्या बाबतीत हे खरे नाही. शार्कच्या ५०० हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी मोजक्याच जातींना श्वसनासाठी सतत पोहत राहावे लागते. ग्रेट व्हाइट, माको यांसारखे शार्क तोंड किंचित उघडे ठेवून पुढे सरकत राहतात. त्या गतीमुळेच पाणी तोंडावाटे शिरून कल्ल्यांवरून वाहते आणि त्यातील ऑक्सिजन रक्तात मिसळतो. गती थांबली की हा प्रवाह थांबतो आणि मासा गुदमरू लागतो.

याउलट, नर्स शार्क दिवसा तासन्‌तास तळाशी निवांत पडून असतो. जवळून पाहिल्यास पाणी आत ओढून कल्ल्यांवरून ढकलण्यासाठी त्याचा घसा भात्यासारखा हलताना आणि कल्ल्यांच्या फटींची उघडझाप होताना दिसते. वाळूत दडून बसणारा एंजल शार्क तर डोळ्यांमागच्या छिद्रांतूनही पाणी आत घेतो, ही मला यातली सर्वांत सुरेख सोय वाटते.

बुडण्याचा मुद्दा वेगळा आहे. इतर अनेक माशांच्या पोटात असते तशी हवेची पिशवी शार्कच्या पोटात नसते. तेलाने भरलेले मोठे यकृत त्याला बरेच हलके करते, तरीही बहुतेक शार्क पाण्यापेक्षा थोडे जडच राहतात आणि थांबले की हळूहळू खाली जातात.

पर कापून जिवंत शार्क समुद्रात परत फेकण्याची पद्धत इतकी क्रूर ठरते, तीही याचमुळे: त्याला पोहता येत नाही, तो तळाशी जातो आणि रक्तस्रावाने किंवा गुदमरून मरतो. लांब दोरीच्या गळाला अडकून हालचाल खुंटलेल्या माकोचीही अनेकदा हीच गत होते.