बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या हल्ल्यात गेलेलं कोलकात्याचं चर्च पुन्हा त्याच जागी बांधलं का?

नाही. तुम्ही विचारताय ते सेंट अ‍ॅन चर्च. त्याच्या जागेवर आज रायटर्स बिल्डिंगचं, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांसाठी बांधलेल्या इमारतीचं, पश्चिमेकडचं टोक आहे. १७०९ मध्ये ते सुरू झालं, १७३७ च्या वादळात त्याचा मनोरा कोसळला आणि १७५६ च्या जूनमध्ये उरलेलंही गेलं. ते इंग्रजांच्या किल्ल्याला खेटून होतं आणि उंच होतं, त्यामुळं नवाबाच्या माणसांनी त्याचाच आडोसा घेऊन किल्ल्यात गोळ्या झाडल्या.

पुढं इंग्रजांनी काही काळ पोर्तुगीजांच्या चर्चमध्ये भागवलं. त्याची खरी जागा घेतली ती सेंट जॉन चर्चनं, थोडं दक्षिणेला, राज्यपालांच्या निवासस्थानाजवळ. काम १७८४ ते १७८७ चाललं, आराखडा लेफ्टनंट जेम्स अ‍ॅगचा. पैशासाठी लॉटरी काढली होती. जमीन दिली शोभाबाजारच्या नवकृष्ण देवांनी. एका हिंदू राजानं चर्चला जागा द्यावी याचं अनेकांना नवल वाटतं; शाहू महाराजांनी साऱ्या जातीधर्मांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, त्या गावचा मी, मला ते आपलंसं वाटलं.

पण मला खिळवून ठेवलं ते दगडानं. बंगाली लोक या चर्चला ‘पाथुरे गिर्जा’, म्हणजे दगडी चर्च म्हणत. आपल्याकडं अंबाबाईच्या देवळापासून शेताच्या बांधापर्यंत सगळीकडं काळा दगडच, त्यामुळं या नावाचं अप्रूप आधी कळलंच नाही. तिकडं मात्र सगळा गाळाचा प्रदेश, बांधकाम विटांचं. म्हणून यांनी मालदा जिल्ह्यातल्या गौडचे अवशेष उकलून दगड आणला. गौड म्हणजे बंगालच्या सुलतानांची जुनी राजधानी.

आमचे वडील पाथरवट. पाट्याला टाकी लावताना ते आधी दगडावरनं तळहात फिरवायचे. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूर आणि तिथून हावडा असा प्रवास करून मी त्या चर्चमध्ये पोचलो, तेव्हा गुडघ्यावर बसून तसाच हात फिरवला. निळसर राखी संगमरवर, गार, पावलांनी झिजून गुळगुळीत. हाही गौडचाच. एक चर्च पडलं म्हणून दुसरं उभं राहिलं, आणि त्यासाठी तिसऱ्याच कुणाच्या पडक्या शहराचा दगड आला. तिथं बसल्याबसल्या मला गौडच्या त्या अनाम पाथरवटांची फार आठवण आली.

गेलात तर आत चित्रकार झोफनीचं ‘लास्ट सपर’ हे चित्र बघाच. ज्याला पूर्वी कोलकात्याचा संस्थापक म्हणत, त्या जॉब चार्नॉकची कबर आवारात आहे. आणखी एक पांढरा स्तंभ दिसेल. १७५६ च्या त्याच हल्ल्यानंतर कोठडीत गुदमरून मेलेल्या इंग्रजांचा तो. आधी तो रायटर्सजवळच्या चौकात होता. सुभाषबाबूंनी त्याविरुद्ध आंदोलन उभारलं, आणि १९४० मध्ये सरकारला तो तिथून हलवून या चर्चच्या आवारात आणावा लागला.