कोल्हापुरात राहून देशाच्या हवामान धोरणासाठी सामान्य माणूस काय करू शकतो?

खासदारांना भेटा, पण एकच मागणी घेऊन जा. हवामान बदलावर देशात अजून स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही. तो विषय लोकसभेत नियम ३७७ खाली (खासदाराला एखादा विषय सभागृहापुढे मांडू देणारा नियम) मांडा म्हणावं. दिल्लीची भाषा नको, आपला पूर सांगा. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ ला पंचगंगा त्याच्या किती वर गेली ते चिखली-आंबेवाडीच्या माणसाच्या तोंडूनच ऐकवा. (चहा मिळेलच, त्यावर समाधान मानून परतू नका!) निवेदनात सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल जोडा, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क त्यात मान्य केलाय. पर्यावरण मंत्रालयाच्या मसुदा अधिसूचनांवर हरकतीही पाठवता येतात, मुदत बहुधा ६० दिवसांची असते.