बाबा आले की टीव्ही बंद होतो

"ताई, मी एसटीत चालक आहे. बरेच दिवस मुक्कामी गाडीवर असतो. मुलगा सातवीत. दोन महिन्यांपूर्वी मोबाईलवरून त्याला जोरात मारलं. तेव्हापासून विचारलं तेवढंच बोलतो. मी घरात शिरलो की टीव्ही बंद करून आत जातो. गिअरची सायकल घेऊन द्यावी म्हणतोय. जवळ येईल का?"
– एक बाप, सातारा जिल्हा

दादा, सायकल जरा थांबवा. आता घेतलीत तर ती माराची भरपाई ठरेल आणि पोरांना असले हिशोब बरोबर कळतात.

आधी माफी मागा. "त्या दिवशी तुला मारलं, ते माझं चुकलं," एवढंच म्हणा. "पण तूही..." हे शेपूट जोडू नका. तो 'हं' म्हणेल आणि उठून जाईल. जाऊ द्या. पोराची माफी मागितली तर धाक राहत नाही, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. धाक आहे की! म्हणून तर टीव्ही बंद होतो.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला. खेळवता खेळवता आईनं मध्येच चेहरा दगडासारखा करायचा. बाळ हसून, हात पुढे करून, ओरडून तिला परत मिळवू बघतं. जमेना की तोंड फिरवतं. तुमचा मुलगा तान्हा नाही, पण त्याचं आत निघून जाणं मला त्यातलंच वाटतं. ट्रॉनिक पुढे म्हणतात ते तुमच्या कामाचं आहे: चांगल्या नात्यातही सूर सारखे चुकतात, पुन्हा जुळवून घेतले जातात, आणि त्या जुळवण्यातूनच मुलाला भरवसा येतो. म्हणजे दोन महिन्यांनी मागितलेली माफीही वाया जात नाही.

आता बोलायचं कसं? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रात्रीच्या गाडीत केबिनमध्ये बसलेला अनोळखी माणूस तुम्हाला घरचं सगळं सांगून टाकतो ना? कारण तुमची नजर रस्त्यावर असते. मुलाला समोर बसवून "बोल, काय झालंय" म्हणाल तर तोंड उघडणार नाही. सुट्टीच्या दिवशी मटणाच्या रांगेत सोबत न्या, गाडी धुवायला घ्या. गप्प राहिला तरी चालेल.

मुक्कामाच्या गावाहून फोन करता तेव्हा "अभ्यास झाला का?" सोडा. तुमचंच काहीतरी सांगा: घाटातलं धुकं, सुट्ट्या पैशांवरून झालेलं भांडण. मग फोन आईकडे द्यायला सांगा. काही दिवसांनी तोच उलटा प्रश्न विचारेल.

एक विनंती वहिनींना. "बाबांना येऊ दे, मग बघ" हे वाक्य बंद करा. एकटीनं घर सांभाळताना ते तोंडात येतं, मान्य. पण त्यानं बाप घरी येतो तो फौजदार होऊनच. जे रागवायचं ते तिथल्या तिथे रागवा.

तो जेवेनासा झाला, झोप उडाली, शाळेचं नाव काढलं की पोट दुखू लागलं, तर मात्र वाट बघू नका. मनाच्या त्रासासाठी असलेली टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सायकल दिवाळीला घ्या. रंग त्याला निवडू द्या.