आवाज स्टुडिओत नाही, प्रवासात खर्च होतो

मागच्या वेळी डबिंगच्या सरावाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न प्रवासाचे आहेत. त्यांतले चार इथे घेते.

प्रश्न : मी नागपूरला राहते. महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने डबिंगसाठी मुंबईला येते. गाडीत ओळखीचं कुणीतरी भेटतंच, जेवण आणि गप्पांत अकरा वाजतात. सकाळी अंधेरीच्या स्टुडिओत पोचते तेव्हा आवाज जड आणि चिकट असतो. पाणी भरपूर पिते, तरी असं का?

पाणी तुम्ही बहुधा सकाळी पीत असाल. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही, ते अन्ननलिकेतून पोटात जातं. शरीरात मुरून त्याचा ओलावा स्वरतंतूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी सकाळपासूनच थोडं थोडं प्यायला लागा. माईकसमोर बाटली रिकामी करून तोंडाचा कोरडेपणा जाईल, तेवढंच.

पण मला खरी अडचण त्या गप्पांत दिसते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे नोंदवलं आणि त्याला आजही त्यांचंच नाव आहे. गाडीच्या खडखडाटात तीन तास बोलणं म्हणजे तीन तास चढ्या पट्टीत काम करणं, तेही कोरड्या एसीत. दुसऱ्या दिवशीच्या मानधनाचा आवाज तुम्ही रात्रीच वापरून टाकता. सोबतच्या ताईंना सरळ सांगा, ‘उद्या रेकॉर्डिंग आहे, मी आज ऐकते, तुम्ही बोला.’ कुणी रागावत नाही, उलट त्यांना कौतुकच वाटतं.

दुसरं, जेवण. साडेदहाला तिखट रस्सा खाऊन लगेच बर्थवर आडवं झालं की आम्ल घशापर्यंत येतं. छातीत जळजळ नसली तरी सकाळी सारखं खाकरावंसं वाटतं, आणि प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. डबा गाडी सुटण्याआधीच खा. सकाळी खाकरण्याऐवजी एक घोट गिळा. मग पेल्यात थोडं पाणी घेऊन स्ट्रॉतून ‘ऊ’ म्हणत पाच मिनिटं बुडबुडे काढा. आवाज यानेच सगळ्यात सौम्यपणे जागा होतो. आणि सेशनची वेळ अकरानंतरची मागून घ्या. मागितली की बहुतेक वेळा मिळते.

प्रश्न : दौऱ्यावर असताना क्लायंट दोन ओळींचं करेक्शन मागतात. हॉटेलच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं परत येतं. काय चुकतं?

माईकआधी खोली तपासा. बुकिंग करतानाच लिफ्टपासून लांबची, रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खोली मागा. रेकॉर्डिंगच्या वेळी एसी, पंखा आणि छोटा फ्रिज बंद करा. फ्रिज परत चालू करायचा विसरू नये म्हणून खोलीची चावी त्यावर ठेवा. उघड्या भिंतीकडे तोंड करून बसू नका. कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे जाड रजई टांगा आणि माईक वीतभर अंतरावर ठेवा. आधी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. ऑडिओबुकच्या कामात या शांततेतली खरखर रेकॉर्डिंगच्या मीटरवर साधारण उणे ६० डेसिबलच्या खाली लागते. तिथपर्यंत जात नसेल तर ‘परवा घरून पाठवतो’ असं कळवा. खराब फाइल पाठवण्यापेक्षा दोन दिवसांचा उशीर परवडतो, हे मी अनुभवाने सांगते.

प्रश्न : सेशनआधी ज्येष्ठमध चघळावं की मेंथॉलची गोळी?

दोन्हींनी घशाला बरं वाटतं, पण स्वरतंतूंपर्यंत काही पोचत नाही. मेंथॉलने घसा बधिर वाटतो आणि ताण पडतोय हे कळत नाही, म्हणून रेकॉर्डिंगआधी मी ती घेत नाही. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तो त्रास असलेल्यांनी रोज चघळू नये. मला गरम पाण्याची वाफ जास्त भरवशाची वाटते. वाफ श्वासाबरोबर थेट स्वरयंत्रापर्यंत जाते.

प्रश्न : हैदराबादला एका गेमसाठी लढाईच्या किंकाळ्या रेकॉर्ड करताना आवाज अचानक फाटला. दुसऱ्या दिवशीही सेशन आहे. कुजबुजत बोलून आणि वेदनाशामक घेऊन निभावेल का?

नाही, आणि हे मी कळकळीने सांगते. किंचाळताना आवाज अचानक गेला तर स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. अशा वेळी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, बऱ्याच जणांच्या स्वरयंत्रावर त्याने उलट ताण येतो. पूर्ण मौन धरा, लागेल ते फोनवर लिहून दाखवा आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. सेशन रद्द करा.

पंधरा वर्षांपूर्वी अशाच अवस्थेत मी ‘एवढा एक दिवस’ म्हणून उभी राहिले. नंतर सहा आठवडे मला बोलता आलं नाही, आणि माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याला गोष्ट सांगता येत नव्हती, मी पुस्तकातली चित्रं बोटाने दाखवत असे. तुमचा समन्वयक ओरडेल, ओरडू दे. बरं झाल्यावर कामाला लागाल तेव्हा किंकाळ्या सेशनच्या अगदी शेवटी ठेवायला सांगा, आणि त्या रात्री विमान पकडू नका. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. इंजिनाच्या आवाजात शेजाऱ्याशी बोलणं आलंच. एक रात्र हैदराबादलाच गप्प राहून झोपा.