मुलाला रॅपर व्हायचे आहे. करारावर सही करावी का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. बारावी कॉमर्सला असलेला आपला सतरा वर्षांचा मुलगा मराठीत रॅप लिहितो आणि गातो, त्याच्या पाच गाण्यांचे सर्व हक्क कायमचे विकत घेण्यासाठी एक गृहस्थ पन्नास हजार रुपये देऊ करत आहेत, त्या करारावर आपली सही हवी आहे, आणि परीक्षेनंतर शिक्षण सोडण्याचे समर्थन करताना मुलगा अमेरिकेतील मास्टर पी या रॅपरचे नाव घेतो, असे आपण कळवले आहे. मुलाने उदाहरण उत्तम निवडले आहे, परंतु त्याने ते अर्धेच वाचलेले दिसते. उरलेला भाग आपण दोघांनी एकत्र बसून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

मास्टर पी म्हणजे पर्सी मिलर. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स शहरात, कॅलिओप या गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत तो वाढला. बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर तो ह्यूस्टन विद्यापीठात गेला आणि पुढे कॅलिफोर्नियात ओकलंडच्या मेरिट कॉलेजमध्ये त्याने व्यवसायाचे शिक्षण घेतले. म्हणजे 'तो शिकलाच नाही' हे मुलाचे म्हणणे खरे नाही. आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या नुकसानभरपाईतून त्याच्या वाट्याला दहा हजार डॉलर आले. ती रक्कम त्याने गाणे ध्वनिमुद्रित करण्यात घातली नाही, तर कॅलिफोर्नियातल्याच रिचमंड शहरात 'नो लिमिट' नावाचे कॅसेट-रेकॉर्डचे दुकान थाटले. माझ्या मते त्याच्या साऱ्या आयुष्यातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण कोणते गिऱ्हाईक काय मागते, कोणता माल पडून राहतो आणि एका कॅसेटमागे कोणाला किती सुटतात, हे तो गल्ल्यावर बसून शिकला. त्याच नावाची त्याची ध्वनिमुद्रण कंपनी त्या दुकानातून उभी राहिली आणि सुरुवातीची वर्षे त्याने आपले अल्बम स्वतःच फिरून विकले.

मोठ्या कंपन्या १९९६च्या सुमारास दारात आल्या, तेव्हा तो ठोक रकमेला भुलला नाही. प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी त्याने केवळ वितरणाचा करार केला. विक्रीतील सुमारे ८५ टक्के वाटा त्याच्याकडे राहिला असे सांगितले जाते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची, ज्यांना या धंद्यात 'मास्टर्स' म्हणतात त्यांची, मालकी त्याने सोडली नाही. १९९७ साली त्याचा 'घेटो डी' हा अल्बम 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. १९९८ मध्ये 'फोर्ब्स'ने सर्वाधिक कमाई करणाऱ्या कलावंतांच्या यादीत त्याला दहावे स्थान दिले. तेव्हा त्याची वार्षिक कमाई ५ कोटी ६५ लाख डॉलर असल्याचा अंदाज होता. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पलीकडे रॅपला बाजारपेठ आहे, हे सिद्ध करण्यात त्याचा फार मोठा वाटा आहे.

उतरणीचा भागही मुलाला अवश्य सांगावा. बहुतेक गाण्यांचे संगीत करणारा 'बीट्स बाय द पाउंड' हा चमू १९९९ मध्ये बाहेर पडला, एकामागून एक भराभर काढलेल्या अल्बमांचा प्रभाव ओसरला आणि २००३ साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपल्यापुढील कराराविषयी. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. 'सर्व हक्क कायमचे' या तीन शब्दांत दोन्ही जातात, आणि मास्टर पीने जे मोठ्या कंपनीशी करार करतानाही हातचे सोडले नाही तेच आपला मुलगा पहिल्याच पायरीवर सोडून देतो. आपल्या देशात २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा, म्हणजे गाणे वापरले जाईल तसतशा मिळणाऱ्या मोबदल्याचा, असा हक्क दिला आहे की तो वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज इतर कोणाच्या नावे करता येत नाही. त्यामुळे करारात रॉयल्टीचा उल्लेखच नसेल, तर तो का नाही, हे स्पष्ट विचारावे. हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिलेली नसल्यास कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि म्हणूनच 'कायमचे' हा शब्द मुद्दाम घातला जातो. मुलाला अठरा पूर्ण नसल्याने त्याच्या एकट्याच्या सहीने करार होत नाही. आपली सही मागितली जात आहे ती यासाठी. कॉपीराइटची माहिती असलेल्या वकिलाने कागद वाचेपर्यंत आपण ती करू नये, असे माझे ठाम मत आहे. पाच गाण्यांऐवजी एकच गाणे, तेही ठरावीक मुदतीच्या परवान्यावर देण्याची तयारी दाखवावी. समोरची व्यक्ती खरोखर गाण्यासाठी आली असेल, तर ती यावर बोलणी करील.

शिक्षणाबाबत माझा सल्ला असा की मुलाने बी. कॉम. करावे, कारण हिशेब, करार आणि कर हे विषय त्याच्या वाटेवर पदोपदी लागणार आहेत. सोबत ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे ध्वनी एकत्र जुळवणे, शिकावे. पदवीनंतर ओढ टिकली, तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेतील ध्वनी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा देता येईल. गाणी प्रसिद्ध होऊ लागली की मुंबईच्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घ्यावे, जेणेकरून लेखक म्हणून त्याची रॉयल्टी गोळा होईल.

गाण्यांतील शिव्या आणि बंदुका यांची आपल्याला वाटणारी काळजी मी समजू शकतो. मास्टर पीच्या गाण्यांत त्या आहेत, आणि त्यांच्यामागे १९९० साली खून झालेला त्याचा सख्खा भाऊ केव्हिनही आहे. मुलाला गाणे थांबवायला सांगू नका. त्याची वही मागून घ्या, त्यातील कोणत्या ओळी त्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर लिहिल्या आहेत ते त्याच्याकडून ऐका, आणि वकिलाकडे जाताना त्यालाही बरोबर न्या.