‘आयएसटी’, प्रमाणवेळ आणि वेळणेश्वर

प्रश्न असा आला आहे: डब्लिनच्या सहकाऱ्यांना ईमेलवर बैठकीचा वेळ ‘दुपारी ३, आयएसटी’ असा कळवला आणि ते साडेचार तास उशिरा हजर झाले. ‘टाइम झोन’ला मराठीत नेमका शब्द कोणता? ‘कालक्षेत्र’ चालेल का?

आधी तो ‘बैठकीचा वेळ’ दुरुस्त करा. तो वेळ लागतो, जातो, मोडतो. ती वेळ ठरते, येते, टळते. बैठकीचा वेळ म्हणजे पाऊण तास, बैठकीची वेळ म्हणजे तीन वाजता. नुसतं लिंग बदलून मराठीने केवढा भेद सांभाळला आहे, आणि हल्ली निवेदकसुद्धा ‘कार्यक्रमाचा वेळ बदलला’ म्हणून तो बिनदिक्कत पुसून टाकतात!

आता ‘आयएसटी’. ही अक्षरं भारताची (इंडियन स्टँडर्ड टाइम), इस्राएलची आणि आयर्लंडचीही. आयर्लंडचा दावा तर कायद्यातला आहे: १९६८ च्या कायद्याने तिथली ‘स्टँडर्ड’ वेळ जागतिक वेळेच्या एक तास पुढे ठरली आणि १९७१ पासून हिवाळ्यात ती एक तास मागे घेतात. म्हणजे त्यांची उन्हाळ्यातली वेळ हीच त्यांची प्रमाणवेळ. डब्लिनकरांनी चूक केलेली नाही. ईमेलचं तंत्र लिहिणाऱ्यांना हा घोळ आधीच कळला होता. १९८२ च्या नियमात वेळेची काही अक्षरी नावं चालत, बहुतेक अमेरिकी. ‘आयएसटी’ त्यांत नव्हतंच. २००१ पासूनचा नियम सांगतो की अंक लिहा, आपल्यासाठी +०५३०, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे.

आणि ‘कालक्षेत्र’? मुळीच नको. काही परिभाषाकार ‘काल’ आणि ‘क्षेत्र’ जोडून हा शब्द घडवतात, कारण ‘झोन’ला वेगळा शब्द हवाच अशी त्यांची समजूत. पण ‘वेळ’ या शब्दात सीमा मुळातच आहे. संस्कृत ‘वेला’चे अमरकोशाने अर्थ दिले आहेत ते समुद्राच्या पाण्याचा चढउतार, काळ आणि मर्यादा. भरतीचं पाणी जिथवर येऊन थांबतं ती वेला, म्हणून किनाराही वेला. काठ ओलांडतं ते उद्वेलित. शिलाहार राजा अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटात (शके १०१६) ठाणे, सोपारा, चौल या बंदरांना ‘वेलाकुल’ म्हटलं आहे. सौराष्ट्रातलं वेरावळ त्याच शब्दातून आलं. काळ अथांग असतो, वेळेला काठ असतो. ‘कातरवेळ’ म्हणतो ती दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरचीच ना?

इथेच माझं ठाम मत सांगतो. गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर आणि मंडणगड तालुक्यातलं वेळास ही दोन्ही नावं या किनाऱ्याच्या वेळेवरून पडली आहेत. ‘वेळ न लावता नवसाला पावतो तो वेळणेश्वर’ ही व्युत्पत्ती जिथे तिथे छापलेली दिसते. ती भक्तीची आहे, भाषेची नाही. ‘वेळ न लावता’ हे अख्खं वाक्य आटून त्यातला फक्त ‘न’ कसा उरेल? देऊळ समुद्राला लागून उभं असताना किनाऱ्याचा अर्थ सोडून नवसामागे का धावायचं? वेळासच्या नावाला तर नवसाची कथाही जोडता येत नाही, त्याची ओळख म्हणजे पुळण आणि तिच्यावर अंडी घालायला येणारी कासवं.

तेव्हा ‘प्रमाणवेळ’ हाच शब्द. भूगोलाच्या तासाला सगळ्यांनी शिकलेला आहे. ईमेलमध्ये असं लिहा: ‘बैठकीची वेळ: दुपारी ३, भारतीय प्रमाणवेळ (+०५:३०), डब्लिनमध्ये सकाळी १०:३०.’ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत तिथे ९:३० लिहावं लागेल.